डोंगराची वाट आणि पाण्याची वाट

आमच्या डोंगराच्या पायथ्याला, फाट्यावर, चहाची एक टपरी आहे. रोज सकाळी साडेसातला तिथं डोंगर उतरून आलेली पायी मंडळी बसतात. कानटोप्या, काठ्या, गुडघ्याचे पट्टे. रविवारी नवाच्या सुमाराला त्याच बाकावर हेल्मेटवाली पोरं येतात. गेले दोन महिने दोन्ही बैठकांत एकच विषय चघळला जातोय. मार्चमध्ये एका वळणावर वरून सुसाट आलेल्या सायकलची धडक आमच्यातल्या एका निवृत्त गुरुजींना बसली. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, अजून त्यांचा वॉकर सुटलेला नाही. त्यानंतर पायी मंडळींनी सह्या गोळा केल्या: डोंगरावर सायकलला कायमची बंदी घाला. सायकलवाल्यांनी उलट विचारलं, डोंगर काय कुणाच्या सातबाऱ्यावर आहे? (आहे, बरं का. थोडा वनखात्याच्या, थोडा गायरान म्हणून सरकारच्या. पण ते असो.)

मी स्वतः पायी जाणाऱ्यांतला. गुरुजी माझ्या बाजूच्या गल्लीत राहतात, त्यामुळं माझा राग कुणाच्या बाजूनं असायला हवा हे उघड आहे. तरीही बंदीच्या अर्जावर मी सही केलेली नाही. आणि ‘डोंगर सगळ्यांचा’ असं छातीवर छापलेला टी-शर्ट भाच्यानं आणून दिला, तोही मी घातलेला नाही. दोन्ही बाजू भांडताहेत ते डोंगरावर कुणी जायचं यावरून. चाक की पाऊल, एवढाच त्यांचा प्रश्न. माझं म्हणणं असं, की आपल्या या कोरड्या डोंगरांवर पहिला प्रश्न वेगळा आहे: ही वाट उताराला कशी काढलेली आहे, आणि पाऊस पडला की तिच्यावरून पाणी कुठं जातं? याचं उत्तर आधी द्या. मग कुठं सायकल जावी, कुठं जाऊ नये, आणि कुठं तर पायी माणसानंही जाऊ नये, हे बरंचसं आपोआप ठरतं. सायकलला सरसकट बंदी नको, आणि सायकलला सगळीकडं मोकळीकही नको.

डोंगर कुठला ते सांगायला हवं, कारण सगळा युक्तिवाद त्यावरच उभा आहे. सातारा जिल्ह्यातल्या महाबळेश्वरच्या पठारापासून निघून कोरेगाव, खटाव, माण करत पुढं सांगली जिल्ह्यात आटपाडी-जतकडं उतरत जाणारी शंभू महादेवाची रांग. एका अंगाचं पाणी माणगंगेतून भीमेला मिळतं, दुसऱ्या अंगाचं येरळेतून कृष्णेला. महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो; तिथून पूर्वेला शंभरेक किलोमीटरवर माण तालुक्यात तो ५०० मिलिमीटरच्या आसपास येऊन थांबतो. खाली कातळ, त्यावर वीतभर मुरूम, त्यावर कुसळी गवत, मधूनच हिवर, बाभूळ आणि वनखात्यानं लावलेलं गिरिपुष्प. उन्हाळ्यात इथली वाट पापडासारखी कोरडी असते आणि पाय टाकला की घसारा सुटतो. पर्यटक वर्धनगड किंवा महिमानगड पाहायला येतात तेव्हा त्यांना हे डोंगर उघडेबोडके, रिकामे वाटतात. जागा रिकामी दिसली की तिथं काहीही करायला हरकत नाही असं वाटणं ओघानंच आलं.

आता बंदी मागणाऱ्यांची बाजू, तिच्या पूर्ण ताकदीनिशी. पहिला मुद्दा वेगाचा. पायी माणूस ताशी चार-पाच किलोमीटरनं चालतो. उतारावर सायकल सहज तीसला पोचते. ताशी तीस म्हणजे सेकंदाला आठ मीटरच्या वर. वळणापलीकडचं दहा मीटर दिसत असेल, तर समोरचा माणूस दिसल्यापासून धडक बसेपर्यंत सव्वा सेकंद. तेवढ्यात डोक्यानं ठरवायचं, बोटांनी ब्रेक दाबायचा आणि मुरमावरच्या टायरनं थांबायचं. डांबरावर थांबणारी सायकल मुरमावर थांबत नाही, ती घसरते. त्यात आवाजही नाही. मोटरसायकल अर्ध्या डोंगरावरून ऐकू येते, सायकल अंगावर आल्यावर कळते. साठीच्या पुढच्या माणसाच्या खुब्याला ही गणितं फार महागात पडतात. ‘आम्ही काळजी घेतो’ हे सायकलवाल्यांचं उत्तर या आकड्यांपुढं अगदीच तोकडं आहे, हे त्यांनी मान्य करायला हवं.

दुसरा मुद्दा अंतराचा, आणि तो फारसा कुणी मांडत नाही म्हणून मीच मांडतो. सकाळच्या दोन तासांत पायी माणूस डोंगराच्या सोंडेच्या टोकाला जाऊन येतो. सायकलवाला तेवढ्याच वेळात सोंड ओलांडून पलीकडचा माळ, त्याच्या पलीकडची खिंड गाठतो. म्हणजे एकेका माणसामागं तिप्पट-चौपट मुलूख ढवळला जातो. माणसांची वर्दळ जिथवर पोचत नव्हती तिथं लांडग्याची पिल्लं वाढत होती, जमिनीवर घरटी करणारे पक्षी अंडी घालत होते. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या सड्यावर, म्हणजे कातळी पठारावर, सापडणारी एक पाल घ्या. २००८ मध्ये तिची वेगळी जात म्हणून नोंद झाली आणि तिच्या शास्त्रीय नावातच सातारा आहे. ती दगडांच्या आडोशानं राहते. आपण ज्याला नुसता धोंडा म्हणतो, ते कुणाचं तरी घर असतं. चाकाला उडी मारता यावी म्हणून चार धोंडे उचलून रचले, किंवा फोटोसाठी दगडांची उतरंड लावली, की ते घर उठलं. यात चाकवाले आणि पायवाले दोघंही आले.

एवढं मान्य केल्यावर बंदी का नको? कारण बंदी ज्या कायद्याच्या जोरावर मागितली जातेय, तो कायदा वाचून पाहा. भारतीय वन अधिनियम १९२७. त्याचं कलम २६ आरक्षित वनात विनापरवाना शिरण्याला गुन्हा ठरवतं. त्यात ‘पायी असेल तर चालेल’ अशी सूट कुठंही नाही. म्हणजे अर्जावर सह्या करणारे साठ-सत्तर जण रोज सकाळी जे करतात, तेही कागदावर त्याच कलमात बसतं. ज्या फांदीवर आपण बसलोय तिच्यावरच कुऱ्हाड चालवायचा हा प्रकार. त्याच कायद्याच्या कलम २५ कडं मात्र कुणी पाहिलेलं दिसत नाही. आरक्षित वनातली वाट बंद करायचा अधिकार ते अधिकाऱ्याला देतं, पण एका अटीवर: बंद केलेल्या वाटेऐवजी सोयीची दुसरी वाट आधीच असली पाहिजे किंवा ती करून दिली पाहिजे. इंग्रजी राजवटीच्या कायद्यालाही एवढं कळत होतं, की माणसाची वाट नुसती पाटी लावून मिटत नाही.

शिवाय, पाटी लागली की तिची झळ कुणाला बसते? याचा इतिहास आपल्याच जिल्ह्यात शोधायचा तर लांब जायला नको. जोतिराव फुल्यांचं मूळ गाव कटगुण, खटाव तालुक्यातलं, याच रांगेच्या कुशीतलं. शेतकऱ्याच्या दैन्याबद्दल १८८३ मध्ये लिहिताना त्यांनी जंगलखात्यावर कोरडे ओढले ते याचसाठी, की डोंगर, टेकड्या, पडीक जमिनी आणि गायरानं खात्याच्या घशात गेली आणि गरिबाच्या शेरडा-करडांना उभं राहायला जागा उरली नाही. सव्वाशेहून जास्त वर्षं उलटली, तरी ‘प्रवेश बंद’ या पाटीचा स्वभाव बदललेला नाही. दीड लाखाच्या सायकलवरचा पोरगा पाटीशेजारी उभं राहून फोटो काढेल, गार्डला दोन वाक्यं इंग्रजीत ऐकवेल आणि निघून जाईल. पकडला जाईल तो मेंढरांमागचा मेंढका, नाहीतर सरपणाची मोळी डोक्यावर घेतलेली बाई. आपल्या सकाळच्या फिरण्यातला एक अडथळा दूर व्हावा म्हणून त्यांच्या पोटावर पाय आणायचा अधिकार आपल्याला कुणी दिला?

पायी चालणाऱ्यांना आपल्या हक्काचाही जरा विसर पडलाय. इंग्लंडातलं १९३२ सालचं एक उदाहरण सांगतो. तिथल्या पीक डिस्ट्रिक्टमधली किंडर स्काउट नावाची पठारी टेकडी जमीनदारांच्या शिकारीसाठी राखलेली होती. २४ एप्रिलला मँचेस्टरकडचे काही शे कामगार तरुण मुद्दाम हद्द मोडून वर चढले. रखवालदारांशी झटापट झाली, पाच जणांना तुरुंगवास झाला. त्या वेळी उपद्रवी ठरलेली जमात कुठली होती? पायी चालणारी! पक्षी बिचकतात, गवत तुडवलं जातं, शहरी टोळकी येतात, ही सगळी कारणं तेव्हा त्यांच्याविरुद्ध दिली जात होती. पुढं १९६८ च्या कायद्यानं तिथं घोडेवाटांवर सायकलला परवानगी मिळाली. ती मिळाली तीही अट घालून: पायी माणूस आणि घोडेस्वार यांना सायकलनं आधी वाट द्यायची. हक्क आणि त्याचा क्रम एकाच कलमात लिहिलेला. साध्या पायवाटांवर मात्र सायकलला असा हक्क दिला नाही. ‘सगळं बंद’ आणि ‘सगळं खुलं’ यांच्या मधली जागा असते, आणि ती कायद्याच्या भाषेतही बसवता येते.

आता दुसऱ्या बाकाकडं वळू. सायकलवाली पोरं हुशार आहेत, इंटरनेटवरून अभ्यास काढून दाखवतात. त्यातला एक खरोखरच दखल घेण्याजोगा आहे. अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात डोंगरवाटांवर घोडा, पायी माणूस, मोटरसायकल आणि सायकल यांनी माती किती सुटते हे मोजलं गेलं आणि १९९४ मध्ये ते प्रसिद्ध झालं. निष्कर्ष असा, की चाकांपेक्षा टापा आणि पावलं जास्त माती मोकळी करतात, विशेषतः वाट आधीच ओली असेल तर. पायी मंडळींनी हे ऐकून घ्यायला हवं. ‘सायकलनं डोंगर झिजतो आणि आमच्या बुटांनी झिजत नाही’ ही समजूत आपण मनाशी केलेली आहे, ती मोजलेली नाही.

पण पोरांनी हा अभ्यास ढालीसारखा पुढं करताना एक गोष्ट गिळली. तिथं मोजणी झाली ती असलेल्या वाटांवर. आमच्या डोंगरावर भांडण आहे ते नव्यानं पाडलेल्या वाटांचं. सोंडेच्या माथ्यावरून नाकासमोर खाली, जिथं कधीच वाट नव्हती तिथून, उतरायची मजा म्हणून पाडलेल्या पट्ट्यांचं. पाऊल मातीवर ठसे उमटवतं, ते सुटे सुटे असतात. टायर, त्यातही ब्रेक दाबून घसरत आणलेला टायर, एक सलग चरी ओढतो. आणि पाण्याला सलग रेघ फार आवडते.

या खेळाची जन्मकथाही या पोरांनी वाचलेली असते, पण तिचा उत्तरार्ध वाचलेला नसतो. कॅलिफोर्नियातल्या मरीन परगण्यात १९७६ मध्ये काही तरुण जुन्या, जड सायकली घेऊन डोंगरावरच्या वणव्यासाठी केलेल्या कच्च्या रस्त्यावरून शर्यत लावायचे. त्या शर्यतीला नाव पडलं ‘रिपॅक’, कारण एकदा खाली उतरलं की मागच्या चाकाच्या हबमधला ब्रेक इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून जायचं, आणि पुन्हा ग्रीस भरल्याशिवाय सायकल चालायची नाही. माउंटन बायकिंगचा सगळा धंदा तिथून उभा राहिला. आणि त्याच मरीनमध्ये, माउंट टॅमल्पायसवरच्या अरुंद वाटांवर, पुढं कित्येक दशकं सायकलला बंदी राहिली. रुंद रस्त्यांवर ताशी पंधरा मैलांची मर्यादा आली, आंधळ्या वळणांवर पाच मैलांची. खेळाच्या माहेरी ही गत का झाली? सुरुवातीच्या वर्षांत वाटेचा विचार कुणी केला नाही म्हणून. आधी मजा झाली, मग अपघात, मग बंदी, मग कोर्टकचेऱ्या. आपण नेमके त्याच पायऱ्यांवरून निघालोय आणि तिसऱ्या पायरीवर पाय उचललेला आहे.

भाचा मला व्हिडिओ दाखवतो. भूमध्य समुद्राच्या कडेचे कोरडे डोंगर, पांढुरका चुनखडीचा दगड, काटेरी झुडपं, त्यातून सळसळत जाणारी सायकल. ‘मामा, हे बघ, आपल्यासारखाच सुका डोंगर. तिथं चालतं मग इथं का नको?’ प्रश्न रास्त आहे, पण ते डोंगर आपल्यासारखे नाहीत. चुनखडीचा दगड पावसाच्या किंचित आम्ल पाण्यात हळूहळू विरघळतो. त्याच्या भेगा रुंदावतात, पाणी जमिनीवरून वाहण्याऐवजी त्या भेगांतून खोल उतरतं आणि कुठंतरी पायथ्याला झऱ्यानं बाहेर पडतं. म्हणून तिथं बरा पाऊस पडूनही माथा कोरडा राहतो. आपला डोंगर आहे बेसॉल्टचा, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांचा. अखंड कातळ पाणी सहजासहजी आत घेत नाही. वरचा मुरूम थोडं पितो आणि उरलेलं उतारावर धावत सुटतं. तो डोंगर कोरडा कारण पाणी आत जातं. आपला कोरडा कारण पाऊस मुळात कमी, आणि पडतो तो चार-सहा वळवाच्या, नाहीतर परतीच्या सडाक्यांत पळून जातो. चुनखडीच्या उघड्या दगडावर टायरची रेघ उमटतच नाही. आपल्या मुरमावर उमटलेल्या रेघेचा दोन पावसाळ्यांत ओघळ होतो. (चुनखडीचा डोंगरही नाजूकच असतो. तिथली पातळ माती एकदा गेली की माणसाच्या आयुष्यात परत येत नाही. पण दुखणं वेगळं, म्हणून औषधही वेगळं.)

त्या मुलुखाकडून घ्यायचंच तर दुसरं काहीतरी घेण्यासारखं आहे. स्पेनच्या मायोर्का बेटावरची त्रामुंताना ही चुनखडीची रांग २०११ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेली, ती नुसत्या निसर्गासाठी गेली नाही. माणसांनी शेकडो वर्षं चुना-माती न वापरता, नुसता दगडावर दगड बसवून रचलेल्या पायऱ्यांच्या शेतांसाठी, पाटांसाठी, भिंतींसाठी आणि वाटांसाठी गेली. २०१८ मध्ये असं कोरडं दगडकाम रचण्याची कलाच युनेस्कोनं अमूर्त वारसा म्हणून नोंदवली. आपल्याकडं हे काम नव्हतं का? उतारावरच्या ताली कुणी रचल्या? खटाव-माणच्या कुठल्याही जुन्या शेताच्या कडेला उभे राहा, गुडघ्याएवढी ताल दिसेल. फट ठेवून बसवलेली, की पाणी झिरपावं आणि माती अडावी. ते हात अजून गावात आहेत, सत्तरी ओलांडलेले. व्हिडिओतल्या सायकलस्वाराच्या चाकाखालची वाटही तशाच कुणाच्या तरी हातांनी तोलून धरलेली असते. कॅमेऱ्यात ती येत नाही एवढंच.

आता जवळून पाहिलेली गोष्ट. मेच्या मध्याला वळीव झाला, पाऊण तास. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्दाम नेहमीची वाट सोडून सोंडेच्या कडेनं चढलो. या उतारावर काही वर्षांपूर्वी गावानं श्रमदानानं सलग समतल चर काढलेत. २०१६ मध्ये पाणी फाउंडेशननं गावागावांत भरवलेल्या जलसंधारणाच्या पहिल्या वॉटर कप स्पर्धेत आमच्याच कोरेगाव तालुक्यातलं वेळू पहिलं आलं, तेव्हापासून इकडं टिकाव-फावड्याची एक लाटच आली होती. दोन फूट रुंद, फूट-दीड फूट खोल चर, खालच्या बाजूला मातीचा भराव, आणि चराचा तळ जिथं जाईल तिथं एकाच पातळीत. पाणी त्यात उभं राहतं आणि मुरतं. सायकलचा नवा पट्टा या चरांना आडवा छेदून खाली गेलाय. जिथं जिथं छेद आहे तिथं भराव टायरनं दाबून दाबून वीतभर खाली बसलेला. समतल चराची सगळी गंमत त्याच्या कडेच्या सारख्या उंचीत असते. एका जागी कड बसली की सबंध चरातलं पाणी त्याच खाचेतून खाली. वरच्या चरातलं फुटलेलं पाणी दुसऱ्यात, दोघांचं मिळून तिसऱ्यात. खालच्या दोन चरांत माझं मनगट बुडेल एवढा गाळ बसला होता आणि पट्ट्यावरची बोटभर चरी एका पावसात घोट्याएवढी झाली होती. मोजता मोजता अकरा खाचा भरल्या. अकरावीपाशी शेळ्या घेऊन उभे असलेले एक आबा म्हणाले, ‘सायब, चाक असू द्या न्हाईतर बूट, चराच्या भरावावरनं जाऊ नगा. आमी हितं दीड म्हयना घाम गाळलाय.’

बूट ते उगीच म्हणाले नव्हते. उतरताना मी नेहमीच्या वाटेनं आलो आणि पहिल्यांदाच तिच्याकडं नीट पाहिलं. जुनी ढोरवाट नागमोडी जाते. जनावराला सरळ चढ परवडत नाही म्हणून तिनं आपसूक उतार तोडलाय. पण प्रत्येक वळणावर, दोन फाटे जोडणारी, सरळ खाली जाणारी एक आखूड घसरगुंडी. ही सायकलची नाही. ही आमची. चहा लवकर मिळावा म्हणून गेली दहा वर्षं आम्ही पाडलेले हे शॉर्टकट. तिथंही मुरूम खरवडून कातळ उघडा पडलाय, तिथूनही पाणी वाट सोडून सरळ निघतं. त्या शॉर्टकटनं उतरताना मी स्वतः कितीदा तरी गप्पा मारल्यात. अर्जात याचा उल्लेख नाही.

यावर एका मित्रानं मला याच रांगेतलं शिखर शिंगणापूर काढून दाखवलं. चैत्रात मुंगी घाटानं कावडी चढतात, सासवडकडची तेली भुतोजींची मानाची कावड अशीच सरळ कड्यासारख्या चढणीनं, माणसांची साखळी करून वर जाते. मग सरळ वाट वाईट कशी? वाईट नाहीच. ती वाट खडकाची आहे, तिच्यावर गर्दी असते ती वर्षातले मोजके दिवस, आणि ते दिवस ऐन उन्हाळ्यातले. एकूण काय, कातळ असेल तर सरळ जा, मुरूम असेल तर तिरपं जा, आणि मुरूम ओला असेल तर जाऊच नका. वाटा आखणारे लोक जगभर असाच काहीसा ठोकताळा वापरतात: वाटेचा चढ हा डोंगराच्या मूळ उताराच्या निम्म्याहून जास्त नसावा आणि थोड्या थोड्या अंतरावर वाटेला किंचित उलटा चढ द्यावा, म्हणजे तिच्यावरचं पाणी तिथंच बाजूला निघून जातं. आमच्या ढोरवाटेत हे दोन्ही आहे. म्हशींनी कुठलं पुस्तक वाचलं होतं कोण जाणे.

तेव्हा माझी मागणी अशी. चर छेदणारा सोंडेवरचा पट्टा बंद करा, सर्वांसाठी. पायी शॉर्टकटही बंद करा, दगड-काट्या टाकून. ढोरवाटेवर सायकल चढताना जाऊ द्या, उतरताना नको. उतरायला मागच्या बाजूचा जुना बैलगाडीरस्ता आहे, तो रुंद आहे आणि लांबवर दिसतो. वाटेत माणूस, मेंढरू किंवा डोक्यावर मोळी असेल तर सायकलवाल्यानं उतरून उभं राहायचं, घंटी वाजवून चालणार नाही. मोठा पाऊस पडल्यावर मुरूम वाळेपर्यंत डोंगर दोघांनाही बंद. आणि हे सगळं ठरवायचा हक्क खालच्या दोन ग्रामपंचायतींचा आणि वनसमितीचा असावा. आमच्या टपरीचा किंवा पोरांच्या क्लबचा नव्हे.

‘हे पाळणार कोण?’ हा यावरचा सगळ्यात दमदार आक्षेप. बंदी सोपी असते, एक पाटी पुरते. बारीकसारीक नियमांना माणूस लागतो. खरं आहे. पण पाटीलाही माणूस लागतोच, नाहीतर ती वाळवीला खाद्य होते. साताऱ्याजवळच्या कासच्या फुलांच्या पठाराचंच पाहा. २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर ते जागतिक वारशात गेलं आणि रविवारी गाड्यांच्या रांगा लागल्या. कुंपण घातलं, तर जनावरांची चराई थांबल्यानं फुलांचंच बिघडतंय असा आक्षेप आला आणि शेवटी कुंपण काढावं लागलं. टिकलं काय? दिवसाला तीन हजार माणसांची मर्यादा, आधी नोंदणी, आणि आजूबाजूच्या गावांच्या समितीतली, पठारावर उभी राहून ‘दगडावर चाला, फुलावर नको’ असं हजारदा सांगणारी माणसं. त्यांचा पगार तिकिटातून निघतो. आमच्या डोंगराला तिकीट नको, एवढी गर्दीही नाही. पण क्लब वर्षाला दोन शर्यती भरवतो, प्रवेश फी घेतो, मेडल आणि टी-शर्ट वाटतो. त्यातला काही भाग खाचा भरायला आणि ताली रचणाऱ्या म्हाताऱ्यांच्या मजुरीला जायला काय हरकत आहे? आणि पायी मंडळींनी अर्जासाठी जेवढे सकाळचे तास घालवले, तेवढ्यात अकरा खाचा दोनदा भरून झाल्या असत्या.

परवा गुरुजींना भेटायला गेलो. खाटेशेजारी वॉकर, भिंतीला टेकून त्यांची डोंगरावरची काठी. बंदीच्या अर्जावर त्यांची सही सगळ्यात वर आहे, तेव्हा मला वाटलं आज ऐकून घ्यावं लागणार. त्यांनी फक्त विचारलं, ‘त्या वळणावरची घाणेरीची जाळी तोडली का रे कुणी?’ मी नाही म्हणालो. ‘चार वर्षं सांगतोय. डोक्याएवढी वाढलीय, पलीकडचं दिसतच नाही. सही घ्यायला अकरा जण आले होते, कोयता घेऊन वर एकही गेला नाही.’

घाणेरी अजून तिथंच आहे. आता पाऊस लागला की दुप्पट होईल.